आठवड्याला दहा बायका

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी, यावर नाशिकच्या डॉक्टरांच्या बैठकांपासून महिला मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांपर्यंत जो वाद चालतो, तो भलत्याच जागी अडकला आहे. एक बाजू म्हणते, आता एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची, डीएनए चाचणी आली आहे, प्रायोजक शोधा आणि तालुक्यातालुक्यात शिबिरं लावा. दुसऱ्या बाजूला सार्वजनिक आरोग्यात हयात घालवलेली माणसं आहेत. त्यांचं म्हणणं, खासगी लॅबमध्ये ज्या चाचणीचं बिल हजारांत जातं ती पेठ-सुरगाण्यासारख्या दुर्गम तालुक्यातल्या बाईला कोण देणार? अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची व्हीआयए चाचणी आपल्या सिस्टरना येते, खर्च नगण्य आहे, तीच नीट करा. आणि आता तिसरा सूर निघाला आहे: मुलींना लस द्यायची आहे ना, मग चाचणीचा एवढा घोळ कशाला? तिन्ही बाजूंचे लोक तळमळीने बोलतात, पण चाचणी झाल्यानंतर त्या बाईचं पुढे काय होतं याबद्दल यातलं कुणीच फारसं बोलत नाही.

माझं मत आधीच सांगते. नाशिक जिल्ह्याने तिशीपुढच्या बायकांसाठी एचपीव्हीची रेण्वीय, म्हणजे डीएनए शोधणारी, चाचणी हीच पहिली चाचणी करावी, नमुना बाईने स्वतः घ्यावा, आणि व्हीआयए व पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची चाचणी) दुसऱ्या पायरीवर न्याव्यात. त्याचबरोबर, पॉझिटिव्ह आलेल्या बाईच्या पाठपुराव्याला जबाबदार असं एक माणूस ठरल्याशिवाय कुणी एकही शिबिर घेऊ नये. या दोन गोष्टी मी वेगळ्या मानत नाही.

चाचणीचं तत्त्व समजून घेतलं तर निम्मे गैरसमज गळून पडतात. गर्भाशयमुखाचा जवळजवळ प्रत्येक कॅन्सर ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हाराल्ड त्सूर हाउझेन यांना याच शोधासाठी २००८ चं नोबेल मिळालं. विषाणूच्या अनेक प्रकारांपैकी १६ आणि १८ हे दोनच मिळून जगातल्या सुमारे ७० टक्के केसेसना कारणीभूत आहेत. हा संसर्ग अतिशय सामान्य आहे आणि बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्या थोड्या बायकांमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो, आणि त्यालाही बहुधा दहा ते वीस वर्षं लागतात. पॅप आणि व्हीआयए या चाचण्या विषाणूने पेशींचं नुकसान केल्यावर ते नुकसान शोधतात. रेण्वीय चाचणी थेट विषाणूचा डीएनए शोधते, म्हणजे कित्येक वर्षं आधी इशारा देते. निगेटिव्ह आली तर पुढची पाच ते दहा वर्षं त्या बाईला पुन्हा बोलवायची गरज नसते. विशीत ही चाचणी करत नाहीत, कारण त्या वयात संसर्ग येतो आणि जातो, उगीच घबराट होते. एचआयव्ही असलेल्या बायकांचा धोका मात्र सहापट असतो, त्यांनी पंचविशीपासूनच आणि अधिक वेळा तपासून घ्यायला हवं.

यातला पुरावा आयात केलेला नाही, ही गोष्ट या वादात कुणी कशी विसरू शकतं, हे मला कळत नाही. जगभर उद्धृत होणारा सर्वांत मोठा पुरावा आपल्या धाराशिव जिल्ह्यातला आहे, तेव्हाच्या उस्मानाबादचा. १९९९ च्या अखेरीस तिथे टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांना एचपीव्ही चाचणी, काहींना पॅप, काहींना व्हीआयए, आणि काहींना नेहमीची आरोग्यसेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची फक्त एकदा एचपीव्ही चाचणी झाली, त्या गटात पुढच्या टप्प्याचे कॅन्सर आणि मृत्यू जवळपास निम्म्यावर आले: नेहमीच्या सेवेच्या गटात ६४ मृत्यू, एचपीव्ही गटात ३४. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत लक्षणीय घट दिसली नाही. माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आकडा दुसराच आहे. व्हीआयए निगेटिव्ह सांगून घरी पाठवलेल्या बायकांमध्ये पुढे कॅन्सर निघण्याचं प्रमाण एचपीव्ही निगेटिव्ह बायकांच्या चौपटीहून जास्त होतं. 'बाई, काही नाही, जा' हे वाक्य कोणत्या चाचणीच्या आधारावर बोलावं, याचं उत्तर मराठवाड्यातल्या बायकांनी दिलं आहे. ज्या गटाला कोणतीच तपासणी दिली नाही त्यावरून त्या अभ्यासावर नैतिक आक्षेप घेतले गेले, आणि ते आक्षेप मला गंभीर वाटतात. म्हणून तर त्या निष्कर्षाकडे पाठ फिरवणं अधिकच अक्षम्य आहे. अशा पुराव्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने धोरण आखलं. २०२० मध्ये तिने २०३० पर्यंतचं लक्ष्य ठरवलं: ७० टक्के बायकांची उच्च दर्जाची चाचणी ३५ व्या आणि पुन्हा ४५ व्या वर्षापर्यंत व्हावी. २०२१ मध्ये एचपीव्ही डीएनए ही पहिली पसंती म्हणून सांगितली. आणि ज्या राज्याने हा पुरावा दिला, तिथले आपण अजून परवडतं की नाही यावर भांडतो आहोत.

व्हीआयएच्या बाजूने जो सर्वांत बळकट मुद्दा आहे, तोही महाराष्ट्रातलाच आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने दीड लाख बायकांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या व्हीआयएमुळे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे यश कुणी नाकारू नये. पण ते कसं मिळालं? दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या, दाट वस्तीत, खास निवडलेल्या आणि सतत तपासल्या जाणाऱ्या सेविकांकडून, मागे टाटासारखं रुग्णालय उभं असताना. आपल्याकडे काय आहे? २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ३० ते ६५ वयाच्या सर्व बायकांची दर पाच वर्षांनी व्हीआयए करायचं ठरवलं. त्यानंतरच्या, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी देशात १.९ टक्के बायकांनी ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झाल्याचं सांगितलं. ज्या यंत्रणेकडून एक फेरी होत नाही, तिच्या हातात चार फेऱ्या लागणारी चाचणी द्यायची, की एका फेरीत मृत्यू निम्मे करणारी?

उपकेंद्रातली व्हीआयए प्रत्यक्षात कशी होते ते पाहिलं की हा प्रश्न अधिक टोचतो. खोलीच्या खिडकीला पडद्याऐवजी जुनी साडी बांधलेली असते. टेबलावर बाई पाय दुमडून पडते, सिस्टर योनिमार्ग उघडून धरणारं स्पेक्युलम घालते, कापसाच्या बोळ्याने पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावते, आणि एक मिनिट थांबून पांढरा डाग उमटतो का ते पाहते. दिवा चांगला नसेल तर मोबाईलचा टॉर्च. डाग पांढरा की नुसता फिका, कडा स्पष्ट की धूसर, हे तिने एका नजरेत ठरवायचं. साधी सूज असली तरी पांढरं दिसू शकतं. पाळी गेलेल्या बाईत तर बघायचा भागच आत सरकलेला असतो, म्हणून पन्नाशीपुढे ही चाचणी भरवशाची राहत नाही. त्याच सिस्टरकडे लसीकरण, बाळंतपणं, नोंदवह्या आणि ऑनलाइन एन्ट्र्या असतात. चूक तिची नाही. आपण तिच्या डोळ्यांवर नको तेवढा भार टाकला आहे. आणि बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी दोघी-तिघी 'आतून तपासतात' हे कळताच पदर सावरून निघून जातात, त्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात होत नाही.

स्वतः नमुना घेण्याची सोय या दोघी-तिघींसाठी आहे. लहानसा ब्रश किंवा स्वॅब, बंद दार, मिनिटभराचं काम, आणि बाटलीचं झाकण लावून आशाताईच्या हातात. पीसीआरवर आधारित चाचणी असेल तर बाईने स्वतः घेतलेला नमुना डॉक्टरने घेतलेल्या नमुन्याइतकाच विश्वासार्ह ठरतो, हे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं आहे. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या अखेरीस पॅप सोडून एचपीव्ही चाचणी घेतली आणि २०२२ पासून स्वतः नमुना घेण्याची मुभा सर्वच बायकांना दिली. सुरगाण्याच्या बाईला नाशिकच्या सिव्हिलमध्ये यायचं तर तिचा अख्खा दिवस मोडतो, रोजगार बुडतो. द्राक्षाच्या हंगामात तर ती निफाड-दिंडोरीच्या बागेत मुक्कामाला असते. नमुना तिच्या मुक्कामी घेता येतो आणि बाटलीतून लॅबला जातो. बाईने लॅबपर्यंत जायची गरजच नाही.

आता खर्चाबद्दल. 'गरीब जिल्ह्याला रेण्वीय चाचणी परवडत नाही' हे वाक्य आपण क्षयरोगाच्या बाबतीत ऐकलं आहे. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं आपण थुंकीची काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिलो. जंतूचा डीएनए शोधणारी सीबीनॅट आणि ट्रुनॅट ही यंत्रं आली तेव्हा हेच आक्षेप होते: यंत्र महाग, वीज नाही, चिप संपली तर काय. आज क्षयरोग कार्यक्रमात ट्रुनॅट तालुका पातळीपर्यंत पोचलं आहे आणि गरिबाने काचपट्टीवरच भागवावं असं कुणी म्हणत नाही. ट्रुनॅट हे यंत्र गोव्यातल्या कंपनीचं, त्यावर एचपीव्हीची चिपही चालते. कोविडने जिल्ह्याजिल्ह्यात आरटीपीसीआर प्रयोगशाळा उभ्या केल्या, त्या क्षमतेचं आपण काय करतो आहोत? शिवाय खासगी लॅबचा एकट्या गिऱ्हाइकाचा दर हा सरकारी घाऊक खरेदीचा दर नसतो.

एक ढोबळ हिशेब मांडते. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती. त्यानंतरची वाढ बाजूला ठेवली तरी तिशी ते पन्नाशीतल्या बायका सात-साडेसात लाख धरायला हरकत नाही. प्रत्येकीची दहा वर्षांतून एकदा चाचणी करायची तर वर्षाला पाऊण लाख. तालुके पंधरा, म्हणजे सरासरी तालुक्याला वर्षाला पाच हजार, आठवड्याला शंभर. शहरामुळे नाशिक तालुक्याचा वाटा मोठा होईल आणि पेठेचा लहान, पण सरासरी हीच. धाराशिवच्या अभ्यासात शंभरातल्या साधारण दहाजणी पॉझिटिव्ह आल्या होत्या. म्हणजे तालुक्याला आठवड्याला दहा बायका. नव्वदजणी निगेटिव्ह चिठ्ठी घेऊन कित्येक वर्षांसाठी मोकळ्या. स्पेक्युलम, प्रकाश, अनुभवी नजर, कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची बारकाईने पाहणी), गरज पडली तर बिघडलेल्या पेशी उष्णतेने नष्ट करणारं थर्मल अ‍ॅब्लेशन, हे सगळं शंभरजणींसाठी लावण्याऐवजी दहाजणींसाठी लावायचं. हे अशक्य कोटीतलं काम आहे का?

खरा अवघड आक्षेप खर्चाचा नाहीच. तो आहे 'पिशवी'चा, म्हणजे गर्भाशयाचा. अंगावरून पांढरं जातं म्हणून गेलेल्या बाईला 'पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका' असं सांगून केलेल्या शस्त्रक्रियांनी महाराष्ट्रातल्या किती बायकांची तिशी-चाळिशी पोखरली, हे २०१९ साली बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या निमित्ताने विधिमंडळापर्यंत गेलं होतं. अशा बाजारात 'एचपीव्ही पॉझिटिव्ह' असं छापलेला कागद सोडायचा म्हणजे भीतीच्या धंद्याला नवं भांडवल देणं नव्हे का? आक्षेप खरा आहे आणि मी तो पूर्ण मान्य करते. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकींना पुढच्या तपासणीत काही निघत नाही, आणि ज्यांना कॅन्सरपूर्व बदल सापडतात त्यांनाही बहुधा काही मिनिटांचा उपचार पुरतो, पिशवी काढावी लागत नाही. हे अहवालावरच, मराठीत, ठळक अक्षरांत छापलेलं असलं पाहिजे. पण दुसरी बाजू पाहा. आज त्या बाईच्या हातात डॉक्टरच्या शब्दाला उत्तर देणारं काहीच नसतं. निगेटिव्ह अहवाल हे तिच्या हातातलं पहिलं उत्तर आहे: मला कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन करू नका. मात्र ही तपासणी तक्रार नसलेल्या बाईसाठी आहे. संबंधांनंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, अशी लक्षणं असतील तर निगेटिव्ह कागदावर विसंबू नये, थेट स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावं.

दुसरी भीती घरातली. विषाणू शरीरसंबंधांतून येतो हे कळलं की संशय सुरू होतो, आणि संशयाची किंमत बाईच मोजते. यावर काही मंडळींचा उपाय म्हणजे तिला काहीच सांगायचं नाही, नुसतं 'कॅन्सरची तपासणी' म्हणायचं. मला हे मान्य नाही. लपवलेली गोष्ट अहवालावरच्या तीन अक्षरांतून आणि मोबाईलवरच्या शोधातून संध्याकाळपर्यंत बाहेर येते. त्यापेक्षा आधीच आणि नवऱ्यासमोर सांगावं, की लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा संसर्ग कधी ना कधी होतो, तो वर्षानुवर्षं सुप्त राहू शकतो, आणि कोणाकडून, कधी आला हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. मालेगावात एके काळी पोलिओचे डोस नाकारले जात. नुसत्या पोस्टरांनी तिथे काम झालं नाही. घरोघरी जाऊन, पुन्हा पुन्हा बोलून, मौलानांना सोबत घेऊनच विश्वास कमवावा लागला. उलट उदाहरणही आहे. खम्मम आणि वडोदऱ्यातल्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनांनी सह्या केल्याचं उघड झालं. काही मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० साली प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लशीशी संबंध आढळला नाही, पण संमतीतल्या त्या हलगर्जीने देशातलं लसीकरण कित्येक वर्षं मागे ढकललं.

लशीने चाचणी संपत नाही, हे एका वाक्यात सांगता येतं: लस चौदा वर्षांच्या मुलीचं पुढचं आयुष्य सुरक्षित करते, तिच्या पस्तिशीतल्या आईला आधीच झालेल्या संसर्गावर तिचा उपयोग नाही. देशात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक बायकांना हा कॅन्सर होतो आणि ८० हजारांच्या आसपास मरतात. पुढची वीस वर्षं मरणाऱ्या बायका आजच प्रौढ आहेत.

उरतो तो पाठपुरावा, आणि माझा सगळा जोर इथे आहे. इंग्लंडचा इतिहास यासाठी वाचावा. तिथे पॅप स्मिअर १९६० च्या दशकापासून उपलब्ध होती. वीस-पंचवीस वर्षं कुणी आलं तर करायची अशा पद्धतीने ती चालली आणि मृत्यूंमध्ये व्हावी तशी घट झाली नाही. १९८८ मध्ये प्रत्येक बाईची नोंद ठेवून, तिला बोलावून, आली नाही तर पुन्हा बोलावण्याची व्यवस्था लागली. तपासणी झालेल्या बायकांचं प्रमाण १९८८ च्या ४२ टक्क्यांवरून १९९४ मध्ये ८५ टक्क्यांवर गेलं आणि कॅन्सर झपाट्याने उतरला. चाचणी तीच होती. बदलली ती यादी आणि यादीची जबाबदारी.

जिल्ह्यात मी पाहिलेल्या एका शिबिराचं रजिस्टर माझ्या डोळ्यांपुढे आहे. मंगल कार्यालय, फ्लेक्स, पाहुण्यांची भाषणं. रजिस्टरात मोबाईल नंबरच्या रकान्यात ओळीने एकच नंबर होता, आशाताईचा. बायकांकडे स्वतःचा फोन नव्हता किंवा नवऱ्याचा द्यायचा नव्हता. पत्त्याच्या रकान्यात नुसतं गावाचं नाव. संशयित ठरलेल्या बायकांना 'नाशिकला दाखवा' असं चिठ्ठीवर लिहून दिलं गेलं. त्यातल्या किती पोचल्या, हे नंतर विचारल्यावर आयोजकांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. अशा शिबिरात जगातलं सर्वोत्तम यंत्र आणून ठेवलं असतं तरी काय फरक पडला असता?

आणि यादी ठेवणं आपल्याला येत नाही असं म्हणायची सोय निदान नाशिकला नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ-नियंत्रक रसायनाच्या अंशांमुळे आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, तेव्हा अख्खा जिल्हा हादरला होता. आज निर्यातीचा प्रत्येक प्लॉट ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदणी व्यवस्थेवर नोंदलेला असतो, लॅबचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो, रेसिड्यूचा, म्हणजे उरलेल्या रसायनांच्या अंशांचा, अहवाल त्या प्लॉटच्या नावावर चढतो, आणि रॉटरडॅममध्ये उघडलेल्या पेटीवरून निफाडमधली बाग सापडते. हे करणारे शेतकरी, लॅबवाले, अधिकारी सगळे इथलेच. ज्या जिल्ह्याला द्राक्षाच्या पेटीचा माग ठेवता येतो, त्याला पॉझिटिव्ह आलेली बाई हरवू देण्याचं कोणतं कारण उरतं?

सिंहस्थाच्या तयारीत यंत्रणा गुंतली आहे, आत्ता नवं काही नको, असं एक उत्तर हमखास मिळतं. ते मला पटत नाही, कारण मी मागते आहे त्यातला पहिला भाग अगदी लहान आहे. प्रत्येक तालुक्यात एक नावानिशी नेमलेली व्यक्ती, समुदाय आरोग्य अधिकारी असो वा ग्रामीण रुग्णालयातली सिस्टर. तिच्याकडे त्या आठवड्याच्या दहा बायकांची यादी, प्रत्येकीशी संपर्काचा तिनेच सुचवलेला मार्ग, तपासणीची ठरलेली तारीख आणि जाण्यायेण्याचं भाडं. महिन्याअखेरीस जिल्ह्याला एकच आकडा जायचा: दहापैकी किती पोचल्या. 'किती शिबिरं झाली' हा रकानाच अहवालातून काढून टाकावा. ही नेमणूक जिल्हा परिषदेच्या एका आदेशाने होते, तिला निविदा लागत नाही. पंधरा तालुक्यांची पंधरा नावं जाहीर होईपर्यंत यंत्रखरेदीच्या फायलीवर सही होऊ देणार नाही, असा आग्रह जिल्हा नियोजन समितीतल्या लोकप्रतिनिधींनी पुढच्याच बैठकीत धरावा.